पार्वतीफुईचं ताट

खिचडीचा पहिला चमचा तोंडात असतानाच फोन वाजला. मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी शाळेतल्या एका शिक्षकानं पोषण आहार चाखायचा आणि नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. बाकीच्या तिघी शिक्षिका हळूच अंग काढून घेत, म्हणून गेली नऊ वर्षं हे काम रोशनीकडेच होतं. नऊ वर्षांत ती रोज एकच वाक्य लिहीत आली होती, ‘चव चांगली आहे.’ मीठ कमी असलं तरी तेच, डाळ कच्ची राहिली तरी तेच. मग स्वयंपाकीण बाईला बाजूला घेऊन ती काय ते सांगायची, आणि डाळ पुन्हा चुलीवर चढायची. फोन सुरतेच्या दवाखान्यातून होता. तिथली सल्लागार मुलगी मराठीच होती, आवाज गोड, घाई नसलेला. ऑपरेशनच्या आधी घराण्याचा तक्ता पुरा करायचाय, दोन-चारच प्रश्न आहेत, असं ती म्हणाली. वडिलांना किती भावंडं, कोण कशानं गेलं, किती वर्षांचं असताना. रोशनी तोंडातला घास एका गालात धरून उत्तरं देत राहिली. एकच बहीण, पार्वती. सत्ताविसाव्या वर्षी गेली. पोटाचंच काहीतरी होतं, पण तेव्हा कुणी कुठे नेलं नव्हतं. मग त्या मुलीनं अगदी सहज विचारलं, “आत्याची भूक कधीपासून कमी झाली होती, आठवतं का घरात कुणाला?”

रोशनीच्या तोंडातली खिचडी खाली उतरेना. घरात हे खरं ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते शाळेच्या ओट्यावर चमचा धरून उभं होतं. “विचारून सांगते,” असं म्हणून तिनं फोन ठेवला, घास पाण्याबरोबर ढकलला, नोंदवहीत ‘चव चांगली आहे’ लिहिलं आणि सही केली. अक्षर रोजच्यासारखंच गोल आलं, याचं तिला वाईट वाटलं.

शाळा सकाळची होती. साडेअकराला मुलं घरी गेली, तरी ती वर्गातच बसून राहिली. एप्रिलचं ऊन नंदुरबारात असं काही उतरतं की माणसाला विचारसुद्धा सावलीला बसूनच करावा लागतो. गावाबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या आता रिकाम्या होत्या, पण वारा आला की मातीत राहिलेला तिखटाचा खाट अजून नाकाला झोंबायचा. धर्मेंद्र आजारी पडला तेव्हा सगळ्या गावानं हेच सांगितलं होतं, मिरची. तिचा धाकटा भाऊ मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला, दिवसभर त्या धुरळ्यात, वर दोन वेळा लाल ठेचा. आणखी काय होणार? रोशनीलाही ते पटलं होतं. दोष द्यायला काहीतरी लाल, तिखट, डोळ्यांसमोरचं सापडलं की मनाला बरं असतं. पण सुरतेच्या डॉक्टरांनी मिरचीला एका वाक्यात मोकळं केलं. पोटाच्या कॅन्सरची ही गाठ होणारी जात नाही, म्हणाले. पोटाच्या भिंतीतच पसरते, म्हणून उशिरापर्यंत दिसत नाही, आणि इतक्या कमी वयात अशी आली तर रक्तातच पाहावं लागतं. पाहिलं. त्यांनी कागदावर एक साखळी काढून दाखवली होती. शरीराच्या पेशी एकमेकींना धरून राहतात, ते धरून कसं राहायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं, आणि तुमच्या घराण्यात त्या लिहिण्यातलं एक अक्षर बदललेलं आहे. बस, एक अक्षर. त्यानं रोग होतोच असं नाही, पण इतरांपेक्षा फार लवकर आणि फार सहज होऊ शकतो. तिच्या वडिलांकडे ते असणार, आणि वडील तर बावन्नाव्या वर्षी हृदयानं गेले, पोटाची कधी तक्रार नाही. धर्मेंद्रला मिळालं, तो अडतिसाव्या वर्षी गेला. तिलाही मिळालं.

हात दाखवून अवलक्षण, असं तिचा नवरा गोपाल तपासणीच्या वेळी म्हणाला होता, आणि रिपोर्ट आल्यावर तीन दिवस तो मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानातून जेवायलाही घरी आला नव्हता. मग एके संध्याकाळी स्वतःच खिचडी टाकली, तिला वाढली आणि म्हणाला की पोट काढायचं तर काढू, माणूस राहिलं म्हणजे झालं. पोट काढायचं म्हणजे सगळं. आतडं थेट वर जोडतात, मग दिवसातून आठ वेळा थोडं थोडं खायचं, आयुष्यभर. दुर्बिणीत तिचं पोट आज तरी स्वच्छ दिसत होतं, पण डॉक्टर म्हणाले, या जातीत स्वच्छ दिसण्याला फारसा अर्थ नसतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख ठरली होती. मुलगा पवन धुळ्याला अकरावीत. अठरा पूर्ण झाली की त्याचंही रक्त. या सगळ्याला ती घाबरली होती का? सुरुवातीला घाबरली होती. आता ती फक्त दमली होती. भीतीलाही अंगात ताकद लागते, आणि एक वर्षभर भावाच्या उशाशी बसून ती ताकद संपून गेली होती. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा डोळ्यांवर दमणूकच यायची, मग उजेड.

पण आज दमणुकीच्या खालून काहीतरी वर येत होतं, आणि ते वर येऊ नये म्हणून तेहतीस वर्षं ती त्याच्यावर बसून होती. ती नऊ वर्षांची. ब्राह्मणपुरीचं घर, तापीच्या बाजूची केळी, आणि अक्षय्यतृतीयेची आखाजी. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावरच्या पातळ पुरणपोळ्या आणि आमरस, दुपारभर गाणी. वडिलांची धाकटी बहीण पार्वती, रोशनीची फुई, धानोऱ्याहून आली होती. कडेवर दोन वर्षांची गायत्री. गावभर फुईच्या आवाजाचं कौतुक, पण त्या वर्षी ती झोक्यावर बसली आणि दोन ओळींनंतर हसून थांबली, म्हणाली, दम लागतो. आई तिला स्वतःच्या हातानं ताट वाढायची, माहेरवाशीण म्हणून दुप्पट. फुई ताट घेऊन मागच्या पडवीत जायची, तिथं वारा असतो म्हणून. आणि मग रोशनीला हाक मारायची. दोन घास खाऊन ती ताट पुढं सरकवायची. “माले जात नही, बेटा. तू खाई ले. कोनले सांगू नको.” रोशनीनं खाल्लं. आमरसाची वाटी, पोळी, वरचं तूप, सगळं. तिला वाटलं, फुईचं आपल्यावर सगळ्यांत जास्त प्रेम आहे, धर्मेंद्रपेक्षाही. रिकामं ताट घेऊन ती मोरीवर जायची तेव्हा आई विचारायची, जेवली का गं फुई? आणि ती सांगायची, “फुईनी बठं खादं,” सगळं खाल्लं. पंधरा दिवस, दोन्ही वेळा. आई खूश व्हायची. एकदा तर आईनं तिचा गालगुच्चा घेतला, फुईची किती काळजी घेते म्हणून.

आखाजी झाली, फुई धानोऱ्याला परत गेली आणि दीड महिन्यात तिच्या जाण्याचा निरोप आला. ब्राह्मणपुरीची माणसं पोचली तेव्हा त्यांना हाडांचा सापळा दिसला. आमच्याकडे पंधरा दिवस पोटभर जेवत होती, दुप्पट जेवत होती, आणि तुमच्याकडे येऊन दीड महिन्यात अशी कशी झाली? हा प्रश्न तिच्या वडिलांनी अंगणात उभं राहून विचारला, आणि फुईचा नवरा चुनीलाल, तेव्हा तिशीचा, खांबाला धरून नुसता उभा राहिला. उत्तर त्याच्याकडे असतं तर त्यानं दिलं असतं. उत्तर नसलेला माणूस गुन्हेगार दिसतो. कुणी म्हणालं, उपाशी ठेवली. कुणी म्हणालं, काहीतरी खाऊ घातलं, पोटात गेलं की माणूस असंच वाळत जातं. प्रकाशा तीर्थाला तापीत दशक्रिया झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी ओंजळीत नदीचं पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत धानोऱ्याचं पाणी सोडलं. त्यांनी, त्यांच्या बायकोनं, त्यांच्या मुलाबाळांनी त्या गावचं पाणी प्यायचं नाही, अन्न तर दूरच. रोशनी आईच्या पदराआड उभी होती. तिला कळलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला जेवढं कळायचं तेवढं पूर्ण कळलं होतं, आणि म्हणूनच ती गप्प बसली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तेहतीस वर्षं चांदणं पडून राहिलं की त्याचीही सवय होते. वडिलांच्या शब्दाला सगळं घर इमानी राहिलं. चुनीलालला कुणी दुसरी मुलगी दिली नाही. खाऊ घालून मारणाऱ्याच्या घरात कोण देणार? त्यानं गायत्रीला एकट्यानं वाढवलं, भाकरी थापायला शिकला, हे सगळं उडत उडत कानावर यायचं आणि आई म्हणायची, केलं तसं भरलं. गेल्या वर्षी सुरतेहून धर्मेंद्रला घरी आणत होते. आता काही उरलं नाही म्हणून डॉक्टरांनी सोडलं होतं. वाट धानोऱ्यावरून. गावातल्या हॉटेलाजवळ धर्मेंद्रनं पाणी मागितलं. गाडीतली बाटली संपली होती. गोपाल गाडी थांबवायला लागला, तर मागून आई म्हणाली, शीव ओलांडू दे, पुढे घेऊ. चार किलोमीटर. धर्मेंद्रनं डोळे मिटून घेतले. पुढे एका टपरीवर बाटली घेतली तेव्हा त्याला ती नको होती. रोशनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट चालली होती, हे पाणी मी सोडलंय. बापानं नाही, मी.

सल्लागार मुलीनं फोन ठेवताना आणखी एक सांगितलं होतं. आत्याच्या मुलीची तपासणी लवकर व्हायला हवी, ताई, पत्ता असेल तर तुम्हीच कळवा, आम्हाला परस्पर फोन करता येत नाही. निम्म्याला निम्मी शक्यता आहे, म्हणाली. गायत्री आता पस्तिशीची असणार. म्हणजे कळवायचं होतं ते दुहेरी होतं. एक रक्ताचं: तुमच्या घरात काही नव्हतं, जे होतं ते आमच्याच आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं. दुसरं ताटाचं. पहिलं सांगायला दवाखान्याचा कागद होता. दुसऱ्याला कागद नव्हता, आणि तसं पाहिलं तर ते सांगायची गरजही नव्हती. कागदानं चुनीलालफुवा सुटत होते ना? मग उगाच कोळसा कशाला उगाळायचा? बसस्टँडकडे चालताना ती स्वतःला हे दोन-तीनदा समजावत राहिली. तिनं आईला फोन केला. आई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, “तठे जाऊ नको. तुन्हा बापनी पानी सोडेल शे.” रोशनी म्हणाली, ऊन आहे, नंतर बोलते. मग तिनं गोपालला सांगितलं, धानोऱ्याला जातेय. तो दुकानातल्या आवाजातूनच म्हणाला, टोपी घाल. बायकांनी टोपी घालायची नसते हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि तिला त्याच्या प्रेमाची फार कीव आली.

गायत्री माहेरी आली होती. आखाजी चार दिवसांवर, येणारच होती. रोशनी अंगणात शिरली तेव्हा कुडाच्या सावलीत एक म्हातारा कैऱ्या चिरत बसला होता. तिशीतला माणूस खांबाला धरून उभा, एवढंच चित्र तिनं जपलं होतं. हा वाकलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला माणूस तोच आहे हे मनाला पटवायला तिला थोडा वेळ लागला. “कोन शे?” त्यानं विचारलं. तिनं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं. विळी थांबली. शिव्या येतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली, आणि खरं तर त्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, आत गेला, घागरीतून तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढं फरशीवर ठेवला. “पानी ठेवस,” तो म्हणाला. “पेवानं का नही, तुन्हं तू दख.” त्यात टोमणा नव्हता. पाहुण्याला जसं विचारतात चहा की सरबत, तसं विचारलं होतं त्यानं.

तिनं पाण्याला हात लावला नाही. आधी सांगू, मग पिऊ, असं तिनं ठरवलं होतं, निदान स्वतःला तसं सांगितलं. गायत्री चुलीपुढून उठून आली, ओल्या हातानंच तिचे खांदे धरले आणि ताई म्हणाली, जणू मागच्या आखाजीलाच भेटली होती. फुईचा चेहरा. तेच कपाळ, तीच हसताना एका बाजूला जाणारी ओठांची कड. गळ्याची हाडं मात्र वर आलेली. गायत्रीची नऊ वर्षांची मुलगी मयूरी दाराच्या उंबऱ्यावर बसून नव्या माणसाला निरखत होती. रोशनीनं कागद काढला आणि बोलायला लागली. वर्गात बोलते तसंच बोलली, सावकाश, एकेक पायरी. धर्मेंद्र कसा गेला. डॉक्टर काय म्हणाले. साखळी, एक अक्षर, बापाकडून मुलाला तसं आईकडून मुलीलाही. मिरचीनं नाही, उपासानं नाही, कुणी काही खाऊ घातल्यानं तर नाहीच. पार्वतीफुईला जे झालं ते आमच्या घरातून आलं होतं, फुवा. तुमच्या घरानं तिला काहीही केलं नाही. हे वाक्य बोलताना तिचा आवाज फुटला. तेहतीस वर्षं हे वाक्य कुणीतरी या अंगणात येऊन बोलायला हवं होतं, आणि ते बोलताना आपण अर्धंच बोलतोय, हे फक्त तिला माहीत होतं.

चुनीलालनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, परत दिला. त्याला सुटल्यासारखं वाटेल, तो रडेल, निदान भिंतीला टेकून बसेल, असं काहीसं तिनं वाटेत येताना योजलं होतं. माणूस दुसऱ्याच्या सुटकेतही आपल्याला थोडी जागा मिळेल का ते पाहतो. तो म्हणाला, “मन्हं जाऊ दे. ते गयं. गायत्रीनं काय?”

तिनं निम्म्याला निम्मी म्हणून सांगितलं. रक्त द्यायचं, महिनाभरात कळतं. नसेल तर नसेलच, मयूरीलाही मग काळजी नाही. गायत्री हसली, म्हणाली, मला काय झालंय, दोन माणसांचं काम करते. उन्हाळ्यात थोडं पित्त होतं, ते कुणाला होत नाही? असं म्हणून ती पानं मांडायला उठली. आल्या माणसाला जेवल्याशिवाय कसं जाऊ द्यायचं, आणि रस तर काढलेलाच आहे. मग चुनीलाल हळूहळू बोलायला लागला, कैरीकडे बघत. बायको गेल्यावर त्यानं काय काय तपासलं ते सांगितलं. विहिरीचं पाणी बाटलीत भरून तालुक्याला नेलं. तांब्याची कल्हई पाहिली. त्या वर्षीचं ज्वारीचं कोठार सगळं उपसून गुरांना घातलं आणि गुरं मरतात का ते बघत बसला. गुरं मेली नाहीत. त्याची आई मरेपर्यंत त्याला म्हणत होती की मी काही घातलं नाही रे, आणि तो हो म्हणायचा, पण तिच्या हातचं खाताना एकदा तरी मनात यायचंच. आईवर संशय घेतला मी, तो म्हणाला, हे तेवढं वाईट झालं. बाकी लोकांचं काय, लोक बोलतातच. त्याला एकच कोडं सुटलं नव्हतं. इथं तिला जेवण जात नव्हतं, पार होळीपासून जात नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं आखाजीला लवकर धाडली होती, माहेरी मन रमेल, चार घास जास्त खाईल. आणि ब्राह्मणपुरीची सगळी माणसं शपथेवर सांगत होती की तिथं ती पोटभर खात होती. मग इथंच का जात नव्हतं? म्हणजे आपल्यातच काहीतरी होतं ना? आपल्या हाताला, आपल्या तोंडाला? हे तो रागानं विचारत नव्हता. अजून विचारत होता एवढंच.

कागद सांगून झाला तरी माणूस सुटला नव्हता. त्याची गाठ दुसरीकडेच होती आणि तिचं टोक रोशनीच्या हातात होतं. समोरच्या तांब्यावर पाण्याचे थेंब सुटले होते. तेवढ्यात गायत्रीनं पानं वाढली, रोशनीसाठी एक, बापासाठी एक. रोशनी म्हणाली की जेवण नको, पोट भरलंय, शाळेत खिचडी खाल्ली. ते खोटं नव्हतं, पण तिथं खोट्यासारखंच ऐकू आलं. गायत्रीनं आग्रह केला नाही, बहुधा शपथेची आठवण ठेवून. स्वतःचं ताट तिनं मागच्या दाराशी नेलं, वाऱ्याला. “मयूरी,” अशी हाक आली. मुलगी उंबऱ्यावरून उठली आणि आत गेली.

रोशनीला त्या दोघी दिसत नव्हत्या. तिला फक्त वाटीत बोटं फिरल्याचा आवाज आला, पोळी मोडल्याचा, आणि हलक्या आवाजातलं काहीतरी. दिसायची गरज नव्हती. तिच्या जिभेवर आमरस आला, तूप आलं, तेहतीस वर्षांपूर्वीचं, तसंच गोड. थोड्या वेळानं मयूरी रिकामं ताट घेऊन मोरीकडे निघाली. ओठाच्या वर पिवळी रेघ, आणि चेहऱ्यावर ते आपण कुणाचे तरी लाडके आहोत असं खास तेज. चुनीलालनं नातीकडे न बघताच, रोजची सवय असल्यासारखं विचारलं, “मयूरी, मायनी खादं का?”

“हा, आबा. बठं खादं.”

त्यानं समाधानानं मान हलवली आणि घास उचलला. रोशनीला वाटलं, आता उठावं आणि बस पकडावी. कागद दिलाच आहे, पत्ता दिला आहे, पुढचं दवाखाना पाहील. पित्तही असेल. उन्हाळ्यात कुणाला जेवण जातं? महिनाभरात रक्ताचं कळेलच, त्यात काही बिघडत नाही. पण महिनाभर ही मुलगी रोज दोन वेळा हेच सांगत राहील. तिला कुणी अडवणार नाही, उलट गालगुच्चा घेतील. आणि पुढं तीही चाळिशीची होईल, कुठल्या तरी ओट्यावर उभी राहील.

“नही खादं,” रोशनी म्हणाली. आवाज तिला स्वतःला परका वाटला. “तिनी दोन घास बी नही खादात, फुवा. मयूरीनी खादं.”

मयूरी मोरीपाशी थबकली. तिनं रोशनीकडे जसं पाहिलं तसं मोठं माणूससुद्धा सहजासहजी पाहत नाही. चुगली करणाऱ्याकडे पाहावं तसं, कायमचं. चुनीलालचा घास ताटात परत आला. “तुले कसं मालूम?”

आता कागदाचा काही उपयोग नव्हता. तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला, उगाच हाताला काम म्हणून. “पार्वतीफुईनं ताट मी खायेल शे,” ती म्हणाली. “पंधरा दिन, दोन्ही येळ. आनि मायले सांगं, फुईनी बठं खादं. तिले आमनाकडे बी जात नव्हतं, फुवा. कोठेच जात नव्हतं.”

अंगणात कैऱ्यांवर माश्या बसत होत्या. चुनीलाल बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. नऊ वर्षांची पोर त्या चेहऱ्यात कुठे आहे ते शोधत असावा. तिला वाटलं, आता तो बोलेल, आणि जे बोलेल ते आपल्याला आयुष्यभर पुरेल. त्यानं चष्मा काढला, दोऱ्याची गाठ उगाच घट्ट केली, पुन्हा घातला. मग मागच्या दाराकडे मान वळवून, रागावून नाही, अगदी हळू, त्यानं कधीपासून ते विचारलं, “गायत्री, कवयपासून?”

“व्हळीपासून,” गायत्री म्हणाली. मग पडवीतून ती हुंदका देऊन रडल्याचा आवाज आला, आणि मयूरी ताट तसंच टाकून आत पळाली.

म्हातारा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. खुंटीवरची पिशवी काढून त्यानं तिच्यात एक धोतर कोंबलं, आणि मग कशासाठी कोंबलं ते विसरल्यासारखा पिशवी धरून उभा राहिला. त्यानं तिला माफ केलं की नाही हे तिला कळलं नाही. कदाचित ते करायला आज त्याला सवड नव्हती, आणि पुढे कधी मिळेल असंही नाही. “सुरतनी गाडी कितला वाजता शे?” त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, सकाळची बरी पडेल, नंदुरबारहून मीही बरोबर येते, डॉक्टर ओळखीचे आहेत. तो बरं म्हणाला. मग खाली पाहिलं तर तांब्या तसाच होता. रोशनीनं तो उचलला. पाणी केव्हाचं कोमट झालं होतं. ती ते सगळं प्यायली.